पाच जणांची मोकळी जागा

बाबा पेन्शन घेऊन पलटणीतून कायमचे घरी आले, त्या दिवशी आम्ही मायलेकी त्यांना आणायला कट्टा गावच्या थांब्यावर गेलो होतो. गाडीच्या टपावरून आधी हिरवी ट्रंक उतरली, मग वळकटी, आणि शेवटी गोणपाटात शिवलेलं एक भलंमोठं गोल पोट. समोरच्या चहाच्या दुकानातला माणूस बाहेर आला आणि आईला म्हणाला, "घोवान घंगाळ हाडल्यान काय गो?" नवऱ्याने घंगाळ आणलं म्हटल्यावर आई लाजली. बाबांनी तिथेच खिशातल्या चाकूने गोणपाटाची शिवण उसवली आणि आतला पितळी बाजा सगळ्यांना दाखवला. मोठ्या तोंडाचा, दोन ठिकाणी पोचा आलेला. पलटणीने मोडीत काढलेला तो बाजा बँडमास्तरांनी निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात ठेवला होता.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला त्या बाज्याचा फार अभिमान वाटला. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी जशी वागले त्यावरून कोणाला वाटेल की मला तो कधी आवडलाच नव्हता.

बाबा शिपाई व्हायला म्हणून गेले होते. भरतीच्या रांगेत पलटणीचा बँडमास्तर फिरत होता. तो गोव्याचा. त्याने बाबांची हनुवटी वर केली, ओठ पाहिले, पुढचे दात पाहिले आणि आपल्या कोकणीत विचारलं की शीळ घालतोस का. बाबांनी घातली. तेवढ्यावर ते बँडात गेले. हे त्यांनी स्वतःच गावात हौसेने सांगितलं आणि पस्तावले. "ओठ बगून घेतललो शिपाय," असं त्यांना देवळाच्या पायरीवर बसणारी मंडळी म्हणू लागली. बाबा हसून सोडून देत. मला मात्र ते हळूहळू बोचू लागलं.

बाबांना मराठी वाचता येत नसे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं. पलटणीत इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकले, सहीही तशीच करत. पण बँडचा कागद समोर धरला की त्या पाच रेघांवरचे काळे ठिपके ते घडाघडा वाचत. रेघांना मधे मधे उभ्या काठ्या असतात, दोन काठ्यांमधल्या जागेला ते 'घर' म्हणत. "ह्या घरात चार मोजूचे," असं मला शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला. मी दोन दिवस बसले आणि कंटाळले.

बँडचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पलटणीचा मोठा ढोल कसा असतो, त्याच्यावर पलटणीने जिंकलेल्या लढायांची नावं रंगवलेली कशी असतात, ढोल वाजवणारा अंगावर वाघाचं कातडं का घालतो, हे सगळं. नव्या माणसाला ढोलावरची नावं पाठ झाल्याशिवाय बाज्याला हात लावू देत नसत. बाबा ती नावं वरून खाली, ढोलावर होती त्याच क्रमाने म्हणून दाखवत. आमच्या गावात देवळातले मान ठरलेले आहेत, पहिला नारळ कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा. बाबांच्या मते ढोलावरची नावं म्हणजे पलटणीचे तसलेच मान.

"पण बँडाचो मान येगळो," ते म्हणत. तो ढोलावर लिहिलेला नव्हता.

ब्रह्मदेशात एका नदीकाठी त्यांची पलटण पलीकडे उतरणार होती. लढाईला जाताना बँडवाल्यांचे बाजे पेट्यांत बंद होतात आणि त्यांच्या हातात स्ट्रेचर येतात, हे मला बाबांकडूनच कळलं. एका स्ट्रेचरला चौघे. जन्मभर पाय जुळवून चालायला शिकलेल्या या माणसांना तिथे पावलांचा ठेका मोडून चालायला शिकावं लागलं, कारण चौघांचे पाय जुळले की स्ट्रेचर झुलतो आणि जखमी विव्हळतो. त्या एका दिवसात बँडवाल्यांनी वाळूतून आणि पाण्यातून कितीतरी माणसं मागे आणली. बँडमधले पाच जण तिथेच राहिले. त्यांतला एक बाबांच्या शेजारी उभा राहून तसाच बाजा वाजवणारा होता. तो बीडाकडचा होता आणि झोपेत बडबडायचा, एवढं बाबा सांगत. त्याहून जास्त सांगत नसत.

लढाई संपल्यावर पहिल्या परेडला बँडमास्तरने ओळी सारख्या केल्याच नाहीत. पाच जागा मोकळ्या ठेवून बँड चालवला. गतही नेहमीचीच वाजवली, पण त्या पाच जणांचे तुकडे कोणी वाजवायचे नाहीत असा हुकूम केला. बाबा आणि शेजारचा एकाआड एक वाजवत, म्हणजे बाबांची आठ घरं, मग त्याची आठ घरं. आता त्याच्या आठ घरांत बाबांनी नुसतं मोजत उभं राहायचं. पलटणीच्या साहेबांना ते इतकं लागलं की दर वर्षी त्या दिवशी तसंच वाजवायचं असं ठरून गेलं. आमच्याकडे एखाद्या मानकऱ्याच्या घरातलं कोणी हजर नसलं तरी देवळात त्याच्या नावचा विडा मांडतात, तो दुसरा कोणी उचलत नाही. बाबा म्हणत, "तसाच ता."

तो दिवस शिमग्याच्या थोडा आधी येई. आदल्या दिवशी आई चिंचेने बाजा घासून लखलखीत करी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, बूट घालून घरापुढच्या खळ्यात उभे राहत आणि आपल्या वाटणीची गत वाजवत. आता बँडमधला हा बाजा म्हणजे मुख्य चालीखालचा जाडा आवाज. एकट्याने वाजवला तर त्यात ऐकण्यासारखं काही नसतं. पुम् पुम् पुम्, आणि मग बाबा गप्प. बाजा तोंडाशी, डोळे समोर, आणि उजव्या बुटाचं टोक मात्र हलतंय. आठ घरं झाली की पुन्हा पुम् पुम्. दगडी गडग्यापलीकडे पोरं जमून हसत. मोठी माणसंही विचारत, "मधीच गप कित्याक रवता हो? विसारलो?" मी एकदा बाबांना म्हटलं, गप्प राहायचंच आहे तर तेवढं गाळून पुढचं वाजवा की. ते माझ्यावर कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले. "गाळूचा नाय. मोजूचा."

मी मोठी झाले, सातवी पास होऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि आमच्याच गावच्या शाळेत लागले. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. आमच्या गावात वाजप वाजवणारी घरं ठरलेली होती. लग्नात आणि देवळात वाजवायचं काम त्यांचं, आणि पंगतीत ती घरं कुठे बसतात तेही ठरलेलं. त्यात काही चूक आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही, मी चार बुकं शिकलेली असूनही. मला एवढंच वाटे की माझ्या बापाला कोणी त्यांच्यात धरू नये. कोणी विचारलं तर मी सांगत असे, बाबा पलटणीत होते. पुढे बोलतच नसे.

मग मला कट्ट्याचं स्थळ आलं. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, घरचं दुकान, आंब्याची कलमं. मावशीने स्थळ आणलं होतं. ती म्हणाली, "सगळा पसंत आसा. फकत सासरो इचारता, बापूस पलटणीत नेमको काय करी? कोणीतरी तेका सांगल्यान, बाजो वाजवी म्हणान." मी मुलाला एकदा पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, उगाच कशाला लपवू? त्या रात्री मी जेवले नाही.

त्याच सुमाराला चीनची लढाई होऊन गेली होती. सगळीकडे जवानांचं कौतुक चाललेलं. आमच्या शाळेने सव्वीस जानेवारीला गावातल्या पेन्शनर शिपायांचा सत्कार ठरवला. पाहुणे म्हणून कट्ट्याच्या त्या दुकानदारांना बोलावलं, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना. प्रत्येक शिपायाची माहिती कागदावर लिहून द्यायची आणि हेडमास्तर ती वाचणार. माहिती लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

बाबांना हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. मग दुपारी पडवीत माझ्यासमोर येऊन बसले, अगदी ताठ. "लिव," म्हणाले. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. त्यांचं स्वतःचं नाव आलं नाही तरी चालेल, पण बँडची गोष्ट या गावात एकदा नीट वाचली जावी. ते मधेच का थांबतात ते लोकांना एकदा कळावं. मी गणिताच्या वहीत सगळं उतरवून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "बंदूक मी कवायतीत धरलंय. माणसार कदीच चालवूक नाय. ह्या पण लिव."

"ह्या कशाक, बाबा?"

"खरा ता लिव, बाय."

ते मी वहीत लिहिलं. हेडमास्तरांना द्यायच्या पक्क्या कागदावर लिहिलं नाही. पक्क्या कागदावर मी लिहिलं की आमच्या वडिलांनी ब्रह्मदेशात नदी ओलांडून, संगिनीच्या टोकावर शत्रूला पाणी पाजलं. पाचवीच्या इतिहासाच्या पुस्तकातली वाक्यं होती ती, फक्त गड काढून नदी घातली. बँड नाही, स्ट्रेचर नाही, ते पाच जण नाहीत.  अक्षर नेहमीसारखं छान आलं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "वाच बगू." मी तो पक्का कागद डोळ्यांसमोर धरला आणि वहीतला मजकूर आठवून आठवून म्हणून दाखवला. बाबा मान हलवत ऐकत होते. गडबडीत माझ्या तोंडून 'चार जण तिथेच राहिले' असं गेलं. बाबांनी हात वर केला. "चार न्हय. पाच. सुधार ता." मी पेन्सिल उचलली आणि कागदावर, अक्षरांना न टेकवता, हवेत फिरवली. "सुधारलंय," मी म्हणाले. ते समाधानाने उठले आणि बुटांना पॉलिश करायला बसले.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन. पण ती हवेत फिरवलेली पेन्सिल मला अजून पुसता आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. बाबा जुना कोट घालून खुर्चीत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर होणारे सासरे. हेडमास्तरांनी माझा कागद खणखणीत आवाजात वाचायला घेतला. संगीन आली, शत्रूला पाणी पाजून झालं. मी बायकांच्या बाजूला उभी राहून बाबांच्या पायाकडे पाहत होते. उजव्या बुटाचं टोक हलत होतं. ते वाट पाहत होते. आता बँड येईल, आता स्ट्रेचर येतील, आता ते पाच येतील. कागद संपला, टाळ्या पडल्या. बाबा उभे राहिले, नारळ घेतला, सलाम केला आणि बसले. पायरीवरची मंडळी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होती. सासरे बाबांच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी बोलत होते, त्यांचा चेहरा फुललेला होता.

घरी येताना वाटेत बाबा म्हणाले, "मास्तरान एक पान गाळल्यान काय गो?"

खरं सांगायला ती एक सोपी वाट होती. मी म्हटलं, "गाळल्यानी आसात."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते तेव्हा बाबा शाळेत येऊन गेले. मला ते मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी सांगितलं. "तुमचे वडील आले होते. कालचा कागद पुन्हा वाचून दाखवा म्हणाले. मी वाचला. आणखी एकदा वाचा म्हणाले. पुन्हा वाचला. मागच्या बाजूला काही आहे का म्हणून कागद उलटवूनही पाहिला त्यांनी."

 मी विचारलं, "मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आसा. आणि गेले."

त्या संध्याकाळी मी घरी जायला मुद्दाम उशीर केला. बाबा माडांना पाणी घालत होते. त्यांनी मला विचारलं, "च्या घेतलंस?" दुसरं काहीच नाही. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसले नसते. मी त्यांच्या पाया पडेन असं मनात दहा वेळा ठरवलं. लग्न ठरल्यावर सांगू, मग लग्न झाल्यावर सांगू, असं करत राहिले.

चार दिवसांनी सासरकडची मंडळी बोलणी करायला आली. आईने खाजं आणि चहा दिला. सासरे गप्पिष्ट माणूस, मनाने वाईट नव्हते. सत्काराच्या दिवसापासून त्यांना बाबांचं भारी वेड लागलं होतं. बोलणी आटपल्यावर ते पाटावर पुढे सरकून बसले आणि विचारलं, "खरा सांगा हां. तुमच्या हातान किती मेले?"

मी दारामागे होते. आईच्या हातातली बशी वाजली. माझा बाप खोटं बोलत नसे. ढोलावरचं एक नाव मागेपुढे झालं तर पहिल्यापासून पुन्हा म्हणत असे. घरातल्या माडांचे नारळ, पडवीच्या पायऱ्या, दरवाजापासून विहिरीपर्यंतची पावलं, सगळं त्यांचं मोजलेलं. मला वाटलं, आता संपलं. आणि खोटं कशाला बोलू, एका क्षणी मला तसंच व्हावंसंही वाटलं.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मोजूक नाय."

सासरे मांडीवर थाप मारून हसले. माझं लग्न ठरलं.

शिमग्याआधीचा तो दिवस आला. आईने सवयीने आदल्या दिवशी बाजा चिंचेने घासून पडवीत ठेवला होता. सकाळी बाबांनी आंघोळ केली, बूट घातले नाहीत. बाज्याजवळ आले आणि आईला म्हणाले, "आत ठेव तो." आईने कारण विचारलं तर म्हणाले, "कट्टो काय लांब नाय. सोयऱ्यांका कळात." मी चुलीपुढे होते, मला ऐकू आलं. त्यांना ते मला ऐकवायचं होतं असं मात्र नाही, तसे ते नव्हते. तेव्हापासून तो बाजा माळ्यावर गेला आणि बाबांनी तो पुन्हा तोंडाला लावला नाही. ब्रह्मदेशात राहिलेल्या त्या पाच जणांची जागा बँडमध्ये अजून मोकळी ठेवत असतील. आमच्या खळ्यातली मी बुजवून टाकली.

सासरी माझं चांगलं चाललं. नवरा भला मिळाला. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या व्याह्यांनी इतके मारले की मोजायचे राहून गेले. दुकानात बसून सांगत, थांब्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगत. मी आत भाकऱ्या भाजत ऐकत असे. दर वेळी वाटे, बाहेर जावं आणि सांगावं. दर वेळी भाकरी करपेल म्हणून जात नसे. नवऱ्यालाही मी सांगितलं नाही. त्याने समजून घेतलं असतं, आणि म्हणूनच सांगणं जास्त अवघड वाटे.

माझी मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा बाबा एकदा आमच्याकडे राहायला आले होते. थकले होते, पुढचे दोन दात पडले होते. दुपारची वेळ. सासरे दुकानात, नवरा मुंबईला. पडवीत आम्ही तिघंच. मी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होते. मुलगी आजोबांच्या मांडीवर चढली आणि आजोबांच्या हाताची बोटं एकेक उघडत, दुकानात ऐकलेलंच विचारू लागली, "आजोबा, तुमी किती मारलात?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता इथे परकं कोणी नाही, बोलायचं असेल तर तू बोल, इतकंच त्या नजरेत होतं. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर हळूहळू हलत होता. ते मोजत थांबले होते, आणि ती आठ घरं माझी होती. मी खाली मान घातली आणि नसलेला खडा शोधत राहिले.

अंगठा थांबला.

"मोजूक नाय गो, बाय," बाबा म्हणाले.